लाल चिठ्ठी माझ्यासाठी होती

प्रियदर्शनीला वाटलं होतं, नव्या फुलपाखराला नाव देण्याचा दिवस आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा असेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तिच्या हातात एक मेलेली मादी होती. मी हे पाहिलं. घनसावंगीजवळच्या एका मोसंबीच्या बागेतलं मी फुलपाखरू. पुस्तकात आम्हाला बहुरूपी म्हणतात. उडायला शिकण्याआधी मी घाबरायला शिकले.

अंड्यातून बाहेर आले तेव्हा मी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसायचे. तसं दिसल्यामुळेच वाचले. पुढे हिरवी झाले, पालवीत लपू लागले. मुंग्यांची भीती होती, कोळ्यांची होती, पण सगळ्यात मोठी भीती फवारणीच्या पंपाची. पंप घरघरला की शेजारच्या झाडांवरच्या अळ्या टपाटप खाली पडायच्या. आमच्या झाडापाशी आल्यावर मात्र रामप्रसादअण्णा पंप बंद करायचे, कारण आमच्या फांदीला त्यांच्या मुलीने, प्रियदर्शनीने, मच्छरदाणी बांधली होती.

"पोरी, ही अळी माझी पालवी खाऊन राह्यली, अन् तू तिला मच्छरदाणीत झोपवून राह्यली?"

"अण्णा, पंधरा दिवस थांबा. सगळ्या जगात या बागेचं नाव होईल."

प्रियदर्शनी परदेशात सात वर्षं फुलपाखरांचं शिक्षण घेऊन पोळ्याच्या आधी गावी आली होती. या बागेत तिला दोन तऱ्हेच्या माद्या दिसल्या. एक नरासारखी, काळ्यावर पांढरा पट्टा असलेली. दुसरीच्या पंखांवर लाल ठिपके, एका विषारी फुलपाखरासारखे. ते बघून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. इथल्या मादीचे ठिपके पुस्तकातल्यापेक्षा मोठे होते. प्रियदर्शनीने ठरवून टाकलं की ही गोदाकाठची वेगळी उपप्रजाती आहे. तिने लाल ठिपक्यांची एक मादी पकडून फांदीवरच्या मच्छरदाणीत कोंडली. ती माझी आई. आईसारख्याच सगळ्या मुली निघाल्या, की नाव पक्कं.

नावही ठरलं होतं, प्रियदर्शनीच्या आईच्या नावावरून.

"माझं नाव अळीला?" नंदाबाई हसल्या. "गावात तोंड दाखवायची सोय न्हाई ठेवली तू."

"अळीला नाही गं, फुलपाखराला."

"मंग ते नाव घेऊन उडून जाईल ना?"

"उडू नाही द्यायचं," प्रियदर्शनी म्हणाली. "एकही पंख फाटलेला नको. औषधाच्या बरणीत ठेवायचं, टाचणीवर लावायचं, खाली लाल चिठ्ठी. ज्याच्यावरून नाव पडतं, तो नमुना कायम जपतात."

तोवर मी कोशात गेले होते, रेशमाच्या एका दोऱ्यावर टेकून. पळता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. आत माझे पंख तयार होत होते, आणि त्यांवर लाल ठिपके उमटताहेत हे मला कळत होतं. ते उमटू नयेत म्हणून मी तडफडले. पण ते माझ्या हातात कुठे होतं?

माझी बहीण आधी बाहेर आली. तिच्या पंखांवर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता.

"हा नर दिसतो," प्रियदर्शनी म्हणाली. नराचाही नमुना लागतोच. बहीण बरणीत गेली. दोनदा पंख आपटले, मग काही ऐकू आलं नाही.

दुपारी प्रियदर्शनीने भिंग लावून बहिणीच्या पोटाचं टोक दोनदा तपासलं.

"काय झालं गं?" नंदाबाईंनी विचारलं.

"आई, हा नर नाही. मादी आहे."

"मंग?"

"मंग काय! एकाच आईच्या पोटी दोन्ही तऱ्हा. ही उपप्रजाती नाहीच. नुसती रूपं वेगळी. मी नीट न बघता मारली तिला."

नंदाबाई जवळ येऊन बसल्या. "एकच निघाली ना तशी? कोणाला कळतंय?"

प्रियदर्शनीने माझ्या कोशाकडे बघितलं. कवचातून आता लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. लिहून ठेवलेली लाल चिठ्ठी टेबलावर होती, बरणी शेजारी. तेव्हा मला तिच्या डोळ्यांचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

सकाळी कवच फुटलं. पंख ओले होते, मी लटकत राहिले. ती आली. हातात बरणी, झाकण उघडं. औषधाचा वास मच्छरदाणीतून आत आला. बहिणीला लपवून मला टाचणीवर लावलं, तर नाव अजूनही मिळणार होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिने झाकण लावलं. खिशातून पांढरी चिठ्ठी काढून लिहिली आणि आईला वाचून दाखवली: "मादी. लाल ठिपके नाहीत. आई लाल ठिपक्यांची. ओळखण्यात माझी चूक."

"अन् माझं नाव?" नंदाबाईंनी विचारलं.

"तुझं नाव तुझ्यापाशीच राहू दे, आई. मी आजच तिकडच्या माझ्या सरांना कळवते."

ती चिठ्ठी तिने बहिणीच्या टाचणीला लावली. मग मच्छरदाणीची गाठ सोडली आणि बागेच्या टोकाला पंप भरणाऱ्या वडिलांना हाक मारली,

"अण्णा, हे एक झाड फवारू नका. यंदाही नाही, पुढंही नाही."