निवडणुकीपुरता युरोपियन

कृष्णाकाठच्या चिंचघाट गावात दाविद आवळे हा कंपाउंडर राहत होता. मिशनच्या दवाखान्यात तो बाटल्या भरायचा, पट्ट्या बांधायचा आणि डॉक्टर नसले की दातही काढायचा. पाच हजार वस्तीच्या त्या गावात ख्रिस्ती घर त्याचं एकच. आई, बायको रूथबाई, चार पोरं आणि तो स्वतः मिळून सात माणसं.

दाविदचं गावाशी एकच मागणं होतं. त्याचा बाप ज्येष्ठाच्या उन्हात वारला, तेव्हा गावात पुरायला जागा नव्हती. मयत बैलगाडीत घालून अठरा मैल मिरजेला न्यावं लागलं होतं. वाटेत एक बैल बसला, आणि दाविदने स्वतः जुवाला खांदा दिला. तेव्हापासून दरवर्षी तो म्युनिसिपालिटीकडे दफनाच्या जागेसाठी अर्ज करी. अध्यक्ष लालासाहेब थोरात मनाने वाईट नव्हते. अर्ज वाचून ते दाविदला खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "तुमची अडचण मला कळतीया, दाविदराव. पर सात मानसांला जागा दिली, तर उद्या कल्हईवाला बी मागंल. त्यो तर एकलाच हाय."

अशी अकरा वर्षं गेली.

मग त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सरकारने गावाबाहेरच्या माळावर बराकी बांधल्या आणि पोलंड देशातली दोनशे माणसं आणून ठेवली. बहुतेक बाया, पोरं आणि म्हातारे. त्यांचा मुलूख लढाईत गेला होता. गावाला हे चटकन कळलं. एका बाजूच्या शेजाऱ्याने बांध कोरला, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने कोरला आणि मधलं रान दोघांनी गिळलं, असं लालासाहेबांनी चावडीत समजावून सांगितलं. भावकीचे दावे सगळ्यांच्याच घरात असल्यामुळे लोक हळहळले. पेठेतल्या जैन व्यापाऱ्यांना ही माणसं शुक्रवारी मटण खात नाहीत असं समजलं, तेव्हा तेही खूश झाले.

सगळ्यात जास्त आनंद दाविदला झाला. ही माणसं ख्रिस्ती होती. काल सात होते, आज दोनशे सात झाले.

म्युनिसिपालिटीचे हेडक्लार्क तवनाप्पा चौगुले यांच्याकडे तो गेला. "अण्णा, शंभराच्या वर माणसं असली की त्या समाजाला सभासदाची एक जागा मिळते, असा नियम हाय न्हवं?"

तवनाप्पा कायद्याचे पक्के. त्यांनी चष्मा पुसला, नियम काढून वाचला आणि म्हणाले, "आहे. पण ही माणसं ख्रिस्ती म्हणून मोजायची की युरोपियन म्हणून, हे साताऱ्याला विचारावं लागेल."

साताऱ्याच्या कचेरीतून दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर माणसं युरोपियन समजावीत. युरोपियनांना एक जागा द्यावी. देशी ख्रिस्ती सातच राहतील.

दाविद त्या दिवशी जेवला नाही. पण तवनाप्पांना त्याच कागदात एक अडचण दिसली. उमेदवार गावात किमान एक वर्ष राहिलेला असावा, असा नियम होता, आणि पोलंडवाल्यांना तर चारच महिने झाले होते. म्हणजे मत द्यायला युरोपियन होते, पण उभं राहायला एकही नव्हता. त्यांनी पुन्हा साताऱ्याला लिहिलं. त्यात गावातला एकमेव जुना ख्रिस्ती रहिवासी म्हणून दाविदचं नाव सहज घातलं.

या वेळी उत्तर आठ दिवसांत आलं. दाविद मारुती आवळे यांस सदर निवडणुकीपुरतं युरोपियन समजण्यात यावं.

तवनाप्पांनी ते तीनदा वाचलं. "मारुती कोण?"

"बाचं नाव. बाप्तिस्म्याच्या आधीचं."

"म्हणजे मारुतीचा मुलगा युरोपियन." तवनाप्पांनी कागदावर तारीख घातली. "हरकत नाही. हुकूम आहे."

माळावर मतदान झालं. बराकीतल्या हेलेना नावाच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईने आपल्या माणसांना काय ते समजावलं. एक चिठ्ठी सोडून सगळी मतं दाविदला पडली. त्या एका चिठ्ठीवर कुणीतरी घोडा काढला होता.

दुसऱ्या आठवड्यात रूथबाई रेशनला गेली आणि रिकाम्या पिशवीने परत आली. दुकानदाराकडे हुकमाची नक्कल पोचली होती. युरोपियनांना ज्वारी मिळत नसे. त्यांना पाव, लोणी आणि जामचा डबा मिळे. हुकमात नाव फक्त दाविदचं असल्यामुळे बाकी सहा माणसांची ज्वारी चालू राहिली, पण दाविदच्या वाट्याची बंद झाली. एकाच चुलीपुढे सहा देशी माणसं भाकरी खात आणि सातवा युरोपियन पाव चावत बसे. चार दिवसांनी त्याचं पोट बिघडलं.

"आमच्यातली अर्धी खावा की," रूथबाई म्हणाली.

"कागदावर बसत न्हाई ते," दाविद म्हणाला, आणि अर्धी भाकरी घेतली.

मग माळावरून बोलावणं आलं. परदेशी माणसांनी रोज संध्याकाळी बराकीत हजेरी द्यायची, असा सरकारी दंडक होता. हजेरी घेणारा केरबा सुभेदार याच गावचा, पलटणीतून निवृत्त झालेला. दाविद आणि तो लहानपणी एकाच घाटावर पोहले होते. केरबाने यादी पुढे धरली. "गड्या, कागदात युरोपियन हाईस तवर यावं लागतंय. मी तरी काय करू?"

दाविद रोज दवाखाना सुटल्यावर मैलभर चालत माळावर जाऊ लागला. गोऱ्या, लालसर तोंडांच्या रांगेत तो एकटा काळा माणूस डोक्यावर टोपी ठेवून उभा राही. केरबा मोठ्याने विचारी, "आवळे दाविद?" आणि दाविद म्हणे, "हजर." हळूहळू पोलंडची पोरंही "हजर" म्हणायला शिकली.

रांगेत त्याच्या शेजारी हेलेनाबाई असे. तिची दाढ दुखत होती. दाविदने लवंगेचं तेल नेलं, मग एके दिवशी बराकीच्या पायरीवर बसवून दाढच काढली. तिने त्याला उकडलेला बटाटा दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो नदीकडे बोट दाखवून बापाबद्दल सांगे, ती वेगळ्याच दिशेला बोट दाखवून कुणाबद्दल तरी सांगे. कोण मेलं ते दोघांनाही कळे. हजेरी संपली तरी दाविद लगेच उठेनासा झाला.

पुढच्या हिवाळ्यात हेलेनाबाई न्युमोनियाने गेली. दाविदनेच तिच्या छातीला शेवटचा शेक दिला होता.

त्याच दुपारी तो म्युनिसिपालिटीच्या सभेत उभा राहिला. वर्षभरात तो सभेत एकदाही बोलला नव्हता. "माझ्या समाजाची बाई वारली हाय," तो म्हणाला. "दोनशे मानसं माळावर उभी हाईत. मिरजेला न्यायला गाडी एक. जागा पायजे, आणि आज पायजे."

लालासाहेबांनी माळाच्या कडेची आपली स्वतःची अर्धा एकर पड जमीन दिली. ठराव झाला की सदर जागा युरोपियन व त्यांच्या कुटुंबीयांच्या दफनासाठी असावी. हेलेनाबाईला सूर्य मावळायच्या आत माती मिळाली. केरबाने त्या दिवशी हजेरी घेतली नाही.

सत्तेचाळीसच्या अखेरीस पोलंडची माणसं गेली. दाविदची मुदत संपली, ज्वारी परत सुरू झाली, आणि त्याला संध्याकाळी काय करावं ते सुचेना. बराकी चार महिने रिकाम्या होत्या. मग त्यांत सिंधी लोक आले. त्यांचाही मुलूख गेला होता, पण या वेळी कुणाला बांधाचं उदाहरण द्यावंसं वाटलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात दाविदची आई वारली. ती देशी ख्रिस्ती होती आणि जागा युरोपियनांची होती. नव्या सभासदांपैकी दोघांनी तसं बोलूनही दाखवलं. दाविद तवनाप्पांकडे गेला आणि बाकावर बसला.

तवनाप्पांनी सगळे कागद काढले. "तुम्हाला युरोपियन समजावं, असा हुकूम आहे," ते सावकाश म्हणाले. "समजू नये, असा हुकूम आलेला मला तरी दिसत नाही."

"निवडणुकीपुरतं म्हटलं हाय त्यात, अण्णा."

"त्यानंतर निवडणूक झाली का त्या जागेची? नाही. मग ती अजून चालू आहे." त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज कचेरीचाच राहिला. "युरोपियनाची आई म्हणजे कुटुंबीय. घेऊन जा आईला."

दाविद, केरबा आणि लालासाहेबांची दोन माणसं खड्डा खणू लागली. वैशाखातला मुरूम दगडासारखा झाला होता, पहार उसळून परत येत होती. बराकीतले सिंधी लोक आधी लांबून बघत राहिले. मग त्यांच्यातला एक उंच म्हातारा पुढे आला आणि हिंदीत विचारू लागला की कोण गेलं, ही कुणाची जागा.

केरबाने कपाळाचा घाम पुसला. त्याला सगळं सांगायचं होतं, पण कुठून सुरू करावं ते कळेना.

"इनकी माँ," तो दाविदकडे बोट करून म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि दाविदच्या हातातली पहार घेतली. मागून आणखी चौघे आले. एका बाईने घागर आणून कडेला ठेवली. दाविदला तासाभरात पहिल्यांदा बसायला मिळालं. तो आईच्या शेजारी बसला, तिच्या चादरीवर आलेली माती झटकली आणि ओंजळीने पाणी प्यायला.