चौथा बोल्ट

महिपतीनं सकाळपासून भीमेच्या काठावर आपल्या होडीच्या डिझेलच्या टाकीला शिव्या घालायचा सपाटा लावला होता. टाकी बिचारी नवी, कालच सोलापुरातून वेल्डिंग होऊन आलेली. होडीतली जुनी टाकी गंजून चाळण झाली होती. ती निघाली, नवी जागेवर बसली, आणि गाडं अडलं बोल्टापाशी. बोल्ट वरून फळीतून खाली जायचा, खाली नट. वरून पाना फिरवला की खालचा नटही गरागरा फिरायचा. एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं तळात उताणं पडून नट धरायचा, असं ते काम. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, तसलंच.

मागच्या खेपेला तळात त्याची बायको रंभाबाई पडली होती.

"रंभे, धर की गं," असं एकदा तोंडून निघूनही गेलं. मग पाना हातात धरून तो तसाच बसून राहिला. रंभाबाईला जाऊन दोन उन्हाळे झाले होते.

पुण्याहून अजिंक्यचा, त्याच्या पोराचा, फोन रोजचाच. "आण्णा, पूल झालाय आता. होडीत बसतंय कोण? रविवारी भंगारवाला येणार हाय. चालू न्हाय झाली तर देऊन टाका." चिडून महिपतीनं "बरं" म्हटलं होतं.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. पलीकडं खुरपायला जाणाऱ्या दोन-चार बायका, एवढंच गिऱ्हाईक. पण पलीकडून कुणीतरी "ओ महिपतीऽऽ" अशी हाक मारायचं, आणि त्या हाकेवरच म्हातारा जगत होता. घरात त्याचं नाव घ्यायला कुणी उरलं नव्हतं. होडी गेली की हाकही जाणार, ही त्याची खरी भीती.

पलीकडच्या काठाला पूर्वी बसलिंगप्पाची होडी असायची. मंद्रूपच्या बाजारादिवशी पहिली फेरी कुणाची, यावरून दोघं एकमेकांच्या गचांडीला गेले आणि बोलणं तुटलं. पुढं पूल झाला, दोघांच्याही फेऱ्या बुडाल्या, बसलिंगप्पानं होडी विकली. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय? रंभाबाईच्या मातीला तो आला, लांब उभा राहिला आणि न बोलता गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तोच बसलिंगप्पा मासे धरायच्या तराफ्यावरून आला. महिपतीकडं न बघता होडीला म्हणाला, "काय गं होडीबाई, सकाळधरनं काय ठोकालीस? पलीकडं डोळा लागंना माणसाचा."

लेकी बोले सुने लागे. महिपतीही होडीलाच म्हणाला, "सांग त्याला, कानात बोळं घाल म्हणावं."

"माणूस कमी पडालंय वाटतं?"

"माणूस कवाच कमी झालं, होडीबाई. तुला ठावं न्हाय व्हय?"

बसलिंगप्पा होडीत चढला. सदरा काढून डिझेलनं बरबटलेल्या तळात उताणा पडला. "धरलंय म्हणावं. फिरीव."

पहिला बोल्ट आवळला, दुसरा आवळला. फटीतून महिपतीला त्याचा हात दिसत होता. केवढा सुरकुतला होता! याच हातानं एकदा आपली गचांडी धरली होती, हे खरं वाटेना.

तिसऱ्याला खालून आवाज आला, आणि तो होडीसाठी नव्हता. "वैनी लई चांगली होती बग. मातीला आलतो, पर तोंड उघडलं न्हाय. चुकलंच ते माझं."

 चौथा बोल्ट महिपतीच्या मुठीत होता. आवळला की काम संपणार आणि हा माणूस जाणार. त्यानं गुपचूप तो बंडीच्या खिशात टाकला.

"चौथा घावंना," तो म्हणाला. "पाण्यात पडला जणू. उद्या नवा आणतो. धरायला मातर कुणीतरी लागंल."

बसलिंगप्पा वर आला, हात पुसले आणि बंडीच्या खिशाकडं एकदा बघितलं. तीन बोल्टांवर टाकी तूर्त धरली होती; डिझेल ओतून महिपतीनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. भंगारवाल्याचा प्रश्न मिटला. बसलिंगप्पा तराफ्यावर बसून निघून गेला.

काठ पुन्हा ओस पडला. महिपती खिशातला बोल्ट चाचपत बसला. उगाच लबाडी केली, आता तो कशाला येतोय, असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"ओ महिपतीऽऽ! खिसा फाटका न्हाय न्हवं? बोल्ट संभाळ, सकाळी येतोय मी!"