सात नंबरचं मशीन

तबस्सुमनं चार नंबरच्या मशीनची वायर उपटली, ती तशीच लोंबत ठेवली आणि धावत सर्व्हरच्या खोलीत आली. काळ्या पडद्यावर तिनं चोवीस नंबरच्या पत्त्याला हाक देणारी ओळ टाइप केली. उत्तर आलं. पुन्हा आलं.

"सापडलं!" ती एकटीच मोठ्यांदा म्हणाली.

आलापल्लीजवळच्या या लाकूड सोसायटीत आठ मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, होती आणि ती एकमेकांना जोडायला तबस्सुम आली होती. प्रत्येकाला नेटवर्कवरचा वेगळा पत्ता वाटून देणारा सर्व्हर तिनं दोन दिवस खपून लावला होता, तोही माउसला हात न लावता, एकेक कमांड टाइप करून. तरी सकाळपासून चार चालू झालं की सात बंद पडायचं आणि सात चालू झालं की चार. बारा वाजता सागवानाचा लिलाव होता.

आता मात्र सरळ होतं. चोवीस हा चारचा पत्ता. चारची वायर काढूनही चोवीस बोलतोय, म्हणजे तिथं दुसरंच कुणी बसलंय. सर्व्हरच्या यादीत फक्त सातचं नाव नव्हतं. सातनं पत्ता मागितलाच नाही; कुणीतरी तो हातानं भरला.

मॅनेजर दारात आले. "काय झालं, मॅडम?"

"सातवर कोण बसतं, सर?"

"कांता. रोजंदारीची पोरगी."

"तिनंच सेटिंग बदललंय. दुसरं कारणच नाही."

"मंग उद्यापासून नको तिले," मॅनेजर म्हणाले आणि कांताला बोलावणं धाडलं.

तबस्सुम मोजणीच्या शेडकडे निघाली तेव्हा कांता समोरून येत होती, ओढणीला हात पुसत. तबस्सुम तिच्या बाजूनं तशीच पुढं गेली. शेडमधल्या सातच्या पडद्यावर तिनं सेटिंग उघडलं. पत्त्याच्या चौकटी कोऱ्या होत्या. 'सर्व्हरकडून घ्यावा' या ओळीपुढचा ठिपका तिनं लावला होता तिथंच होता.

ती बघतच राहिली.

शेडबाहेर जंगूभाऊ सागवानाच्या लठ्ठ्यांच्या, ओंडक्यांच्या, तोंडावर लोखंडी ठशांनी नंबर ठोकत होता. तीस वर्षं त्याचं तेच काम. त्यानं हातोडा थांबवला.

"काऊन बाई, मशीन रुसली का?"

"दोघांना एकच पत्ता मिळून राह्यला, भाऊ. मिळूच शकत नाही. सर्व्हर मशीनला तिच्या आतल्या नेटवर्क कार्डाच्या नंबरानं ओळखतो, आणि जगात दोन कार्डांचा नंबर एक नसतो. पुस्तकात लिहिलंय."

"तो नंबर कोण मारते?"

"कारखान्यात मारतात."

"माणूसच ना? मंग जेवाच्या टायमाले एखादा डबल पडत असन. आमच्या इथी पडते."

तबस्सुम हसली. मग हसू अर्धवट राहिलं. तिनं सातवर कमांड टाइप केली आणि तिथल्या कार्डाचा बारा अक्षरांचा नंबर तळहातावर उतरवून घेतला. चार नंबरच्या खोलीपर्यंत ती चालली नाही, पळाली. तिथल्या पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. बाराच्या बारा अक्षरं तीच.

"भाऊ!" ती खिडकीतून ओरडली. "डबल पडला! खरंच डबल पडला!"

"मंग त्यात का नवल?" जंगूभाऊ म्हणाला, पण बघायला आलाच.

साडेअकरा. सुट्या सामानातलं एक कार्ड होतं. तिनं सातचं झाकण उघडलं, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. सर्व्हर पुन्हा चालू केला. यादीत ओळी एकेक करून उमटल्या: पाच, सहा, सात. सातव्या ओळीत सात नंबरचं मशीन होतं, पत्ता एकतीस. चारची वायर लावली, आठवी ओळ उमटली. दोन्ही चालली.

ती मॅनेजरच्या खोलीत शिरली तेव्हा कांता भिंतीशी उभी होती आणि टेबलावर तिला कामावरून काढल्याचा कागद अर्धा लिहिलेला होता. तबस्सुम एका दमात सगळं बोलली: कार्ड, कारखाना, बारा अक्षरं.

"म्हणजे पोरीची चूक नाई?"

"नाही सर."

मॅनेजरनी कागदाचा बोळा केला. "जा वो, बस जागेवर. व्यापारी आले."

कांता सातपुढं बसली. तबस्सुम तिच्या मागोमाग गेली. जुनं कार्ड तिच्यापुढं धरून तिनं नंबर कुठं असतो ते दाखवलं. इतकी दुर्मीळ गोष्ट आपल्याच इथं सापडली, हे सांगताना तिचा आवाज चढत होता. कांतानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमी सर्व्हरले विचारलं, चार नंबरले विचारलं."

"हो."

"मले काऊन नाई विचारलं? मी सांगतलं असतं ना, का मी हात नाई लावला."

तबस्सुमकडे पुरावा होता. वायर, यादी, चोवीसचं उत्तर. ते सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. मग तिनं कार्ड खिशात घातलं आणि बाजूची खुर्ची ओढली.

"आता विचारते," ती म्हणाली.

"आता लिलाव हाये," कांता म्हणाली आणि पहिल्या लठ्ठ्याचं माप भरायला लागली.