दोन्हीकडचा दमा

दीपालीला पहिल्यांदा दम लागला तेव्हा ती चार वर्षांची होती. आर्वीच्या बाजारात कापसाच्या गाड्या उतरत होत्या ते दिवस. नातीची वरखाली होणारी छाती पाहून लीलाबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हे सुनेच्या माहेरचं देणं. सून रुख्मिणी हिंगणीची, तिचे वडील नत्थूजी जन्माचे दमेकरी.  आमच्या घरात हे कधी नव्हतं, हे वाक्य तिनं चार वर्षं ऐकलं. औषध ओढायचा पंपसुद्धा चारचौघांत काढायचा नाही, उद्या पोरीचं लग्न करायचं आहे, अशी सासूबाईंची ताकीद होती.

हळूहळू रुख्मिणीलाही ते पटलं. हे बाबांकडूनच आलं, असं आईला सांगून तिनं माहेरी जाणं सोडलं. एकदा नत्थूजी नातीसाठी बोरं घेऊन आले, तर तिनं दारातच सांगितलं, "बाबा, तुमी आता येत नोका जाऊ."

म्हाताऱ्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि धापा टाकत एसटी गाठली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. रुख्मिणी पोचली तोवर सारं आटोपलं होतं.

दोन हजार चार साली वर्ध्याच्या एका दवाखान्यात दमेकरी लेकरांचं आणि त्यांच्या आईबापांचं रक्त तपासायला घेत होते. नवरा-बायको आणि दीपाली, तिघंही गेली. सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घरांची चौकशी केली. रुख्मिणीनं खाली मान घालून वडिलांचं सांगितलं. मग बाईंनी तिच्या नवऱ्याला, प्रफुलला विचारलं. तो नखांकडे पाहत म्हणाला,

"मोठा भाऊ होता, निकेश. सात वर्षाचा होता, दम लागूनच गेला. आई तापाचं सांगते लोकायले."

बाई समजावत राहिल्या. हे एका घरचं नसतं, थोडं आईकडून येतं, थोडं बापाकडून. कोणत्या लेकराच्या वाट्याला किती, ते कोणाच्या हाती नाही. वर धूळ, धूर, कापसाची रुई. दोष कोणाचाच नाही, औषध मात्र रोज द्या, लपवू नका. रुख्मिणीच्या कानात फक्त निकेशचं नाव घुमत होतं.

घरी लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. रुख्मिणीनं निकेशचं विचारलं, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"सांगतलं असतं त कोण देत होतं पोरगी ह्या घरात? एक लेकरू मातीत घातलं मी. दुसऱ्याचा संसार नोको पाहू?"

रुख्मिणी पंप घेऊन बाहेर आली. ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिनं दीपालीला पंप दिला, आणि मग रोज दिला. महिन्याभरात पोरगी धावू लागली. रक्ताचं काय निघालं ते त्यांना कधी कोणी कळवलं नाही.

मग ती हिंगणीला गेली आणि आईला, सीताबाईला, सगळं सांगितलं. 

"तुये बाबा जाताना तेच इचारत होते," सीताबाई म्हणाली. "म्याच देला का हा दमा पोरीले, म्हणे."

"मंग तू काय सांगतलं?"

"तूच म्हणली होती ना माय. मी हो म्हटलं."

सीताबाई चहा ठेवायला उठली.