आता भोंगा, मग मैदान

"काका, तुम्ही एवढे भित्रे, मग तुम्हाला लीडर कोणी केलं?"

विचारलं आणि मीच जीभ चावली. पण मैत्रिणींशी पैज लागली होती, आणि त्या दोघी नळापाशी कप विसळायचं नाटक करत, आमच्याकडे पाठ करून, हसू दाबत उभ्या होत्या. गेल्या वर्षापर्यंत वर्गातली खिडकी उघडू का, हेसुद्धा मी कुणाला विचारलं नसतं. मग शाळेच्या नाटकात आयत्या वेळी एका आजारी मुलीची भूमिका माझ्या गळ्यात पडली, ती निभावली, आणि तोंडाचं कुलूप जे निघालं ते पुन्हा लागलंच नाही. आई म्हणते, किल्लीच हरवली.

काका रागावले नाहीत. गॅसची बटणं त्यांनी एकदा तपासली होती, ती पुन्हा तपासली आणि म्हणाले, "कोणी केलं नाही गं. जे धीट होते ते एकेक करून निघून गेले. मी आपला राहिलो."

नळापाशी हसू थांबलं.

आमचं शिबिर म्हणजे ऑटिझम असलेल्या तरुण मुलामुलींचं. एक छोटी संस्था ते चालवते. सुट्टीत एका शाळेचं वसतिगृह रिकामं असतं, तिथे. येणारे सगळे विशी-पंचविशीतले, म्हणजे माझ्यापेक्षा मोठेच. प्रत्येकाला एक जोडीदार, दिवसभर सोबत राहणारा, बिनपगारी. आणि या सगळ्या जोडीदारांचे लीडर दोघं : एका दवाखान्यात नर्स असलेल्या सिस्टर, आणि काका.

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. भावाकडे राहतात. वर्षभराची सगळी रजा इथे घालवतात, त्यावरून वहिनी म्हणे दरवर्षी टोमणा मारते, "जा, जा, तुमच्या थंड हवेच्या ठिकाणी." पहिल्यांदा ते आले तेच मुळी चष्मा पोचवायला. जिचा चष्मा होता ती मुलगी तो घालेना, म्हणून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. "दुसऱ्या दिवशी काच सैल झाली का, बघायला आलो," ते सांगत. "तेव्हापासून ती काच सैलच आहे."

आणि भित्रे तर इतके, की पालीला घाबरत, कुत्र्याला घाबरत, ओल्या फरशीला घाबरत. गरम पाण्याच्या बादलीला, आत वाघ बसलाय अशा बेताने, वळसा घालून जात. पैज काही उगाच लागली नव्हती.

पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त घाबरले होते मी. साहेबांना.

साहेब हे नाव कुणी आणि कधी पाडलं कोण जाणे, पण शोभायचं. कपाटाएवढा रुंद देह, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि जेवणाच्या खोलीत आल्याबरोबर सगळ्या खुर्च्यांची पाहणी. एखादी वाकडी दिसली की आधी ती सरळ करणार, मग बसणार. ते काकांच्या जोडीला होते. रोज सकाळी काकांच्या शर्टाचा खिसा थोपटायचे, आतलं पेन काढून बघायचे, परत ठेवायचे. एवढं झालं की त्यांचा दिवस सुरू. त्याआधी अंथरुणातून उठवायची कुणाची टाप नव्हती.

पहिल्या दिवशी कुणीतरी दार धाडकन लावलं आणि साहेबांनी स्वतःचं मनगट चावलं. तोंडातून असा आवाज काढला, की मी दारापर्यंत मागे सरकले. मनगटावर जुने व्रण होते, त्यांच्यावरच नवे उमटले. मला त्याच क्षणी घरी जायचं होतं.

"भीती वाटली?" काकांनी नंतर विचारलं.

"छे."

"वाटू दे की. त्यांनाही तुझी वाटतेय. तू नवीन आहेस, आणि फार बडबडतेस."

घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आमची आई अशी, की कुणाला यायला उशीर झाला तर तिला बस चुकली असेल असं कधी वाटतच नाही, डायरेक्ट इस्पितळ आठवतं. म्हणून मी सांगून ठेवलं होतं, की मी स्वयंपाकघरात असेन, चहा ओतायला. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. चहा मी ओततच होते. फक्त माझ्याही जोडीला एक ताई होती, दिवसभर गुणगुणणारी, म्हणून मैना, आणि तीसुद्धा कधीकधी घाबरून माझा हात असा आवळायची की बोटं पांढरी पडायची, हे तेवढं गाळलं.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक फलक होता. त्यावर दोनच चौकोन. एकावर लिहिलेलं 'आता', दुसऱ्यावर 'मग'. त्या चौकोनांत चित्रांची कार्डं लावायची, बुटाच्या पट्टीसारखी चर्र करून निघणारी. आता चित्रकला, मग चहा. आता चहा, मग फिरायला. साहेब दर थोड्या वेळाने विचारत, "मग काय?" आणि काका दर वेळी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, फलकापाशी नेऊन दाखवत. आधी सांगायचं, मग करायचं, हा काकांचा एकच नियम. इंजेक्शन असो नाहीतर पावट्याऐवजी वाटाणे, आधी सांगायचं.

एका कार्डाच्या बाबतीत मात्र त्यांनी तो मोडला.

वसतिगृहात आगीचा भोंगा होता. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्याचा सराव करावाच लागे : भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदानात. काकांनी पहिल्याच दिवशी भोंग्याचं कार्ड पेटीतून काढून माझ्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडे ठेव. गेल्या वर्षी आधीपासून सांगितलं, तर साहेब सरावापर्यंत झोपले नाहीत. मनगट बघवत नव्हतं. या वर्षी त्याच सकाळी लावू. माझ्या खिशात नको, तो रोज तपासला जातो."

"पण तुम्हीच म्हणता ना, सगळं आधी सांगायचं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणतो खरा," ते म्हणाले.

मी कार्ड जॅकेटच्या खिशात टाकलं आणि विसरून गेले.

भोंगा वाजला तो भलत्याच दिवशी, दुपारी. फलकावर होतं : आता चित्रकला, मग चहा. जेवणाच्या टेबलावर माझी मैना एका मोठ्या निळ्या गोलात आणखी निळा रंग भरत होती. तो आवाज कानातून नाही, दातांतून आत शिरला. मला आधी वाटलं, कुणीतरी चुकून बटण दाबलं. मग दारातून धूर आला. आधी पातळ, मग काळा, जळक्या रबराचा वास असलेला. बाजूच्या धुण्याच्या खोलीतला गीझर पेटला होता.

"जोड्या धरा. बाहेर," सिस्टर ओरडल्या.

मी मैनेचा हात धरला, की तिने माझा, आठवत नाही. खुर्च्या पडल्या, कुणाचा तरी रंगाचा पेला सांडला, पण आम्ही बाहेर पडलो. मैदानात गोलपोस्टपाशी सिस्टरनी जोड्या मोजल्या. एक कमी होती.

दोन मोठी मुलं, आमच्यातलीच स्वयंसेवक, पुन्हा आत धावली आणि खोकत परत आली. "साहेब टेबलाखाली गेलेत. पाय धरून बसलेत टेबलाचा. काकांनी आम्हाला हाकललं. म्हणाले, ओढाल तर ते हलणार नाहीत, आणि तुम्हीपण अडकाल."

"अग्निशामकवाले?" सिस्टरनी विचारलं.

"निघालेत."

खिडकी उघडी होती, पण तिला गज. आतून भोंग्याच्या वर साहेबांचा आवाज येत होता. "आता चित्रकला. मग काय? मग काय?"

आणि काकांचा, खोकल्यात तुटणारा : "हे बघा साहेब, मी काढून दाखवतो. हा भोंगा. बघा. आता भोंगा."

कागद टराटरा फाटल्याचा आवाज. "खोटं. खोटं. कार्ड नाही."

मी थंडी वाजल्यासारखा खिशात हात घातला, आणि बोटांना गुळगुळीत, गोल कोपऱ्यांचं काहीतरी लागलं.

साहेब जे मागत होते ते माझ्या खिशात होतं, आणि मी ते घेऊन सगळ्यांच्या आधी बाहेर आले होते.

मैनेचा हात मी शेजारच्या मैत्रिणीच्या हातात दिला. पैज लावणारी तीच. तिने मैनेला जवळ ओढलं. मी पळत सुटले. मागून सिस्टर माझ्या नावाने ओरडत होत्या, ते ऐकू आलं आणि थांबावंसंही वाटलं, फार वाटलं. पाय थांबले नाहीत एवढंच.

खिडकीपाशी डोळे झोंबायला लागले. "काका. कार्ड. इथे." मी गजांतून हात खांद्यापर्यंत आत घातला.

धुरातून काका आले. शर्ट नाकावर धरलेला, चष्म्यावर काजळी. कार्ड त्यांच्या बोटांतून निसटून आत जमिनीवर पडलं. ते वाकले, चाचपडले. मला वाटलं, आता नाही सापडत. सापडलं.

आणि मग त्यांनी अजिबात घाई केली नाही. फलकापाशी गेले. चित्रकलेचं कार्ड चर्र करून काढलं आणि, देवा, ते पेटीत ठेवलं, रोजच्यासारखं. भोंगा 'आता'वर लावला. मैदान 'मग'वर.

"साहेब, आता भोंगा. मग मैदान."

टेबलाखाली शांत झालं. मग डोकं बाहेर आलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवून फलक पाहिला.

"मग काय?"

"मैदानानंतर चहा. चहा चुकणार नाही."

साहेब उठले. मी गज धरून रडत होते आणि मला ते कळतही नव्हतं. ते दाराकडे निघाले, आणि थांबले. आम्ही सगळे पळालो होतो ना, त्या खुर्च्या. एक आडवी, एक उलटी, बाकीच्या वाट्टेल तशा. साहेबांनी पहिली खुर्ची उचलली.

"काका, त्यांना चला म्हणा," मी किंचाळले.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरी खुर्ची उचलली. ज्या माणसाला ओल्या फरशीची भीती वाटायची तो माणूस काळ्या धुरात साहेबांच्या समोरच्या बाजूने खुर्च्या टेबलाला लावत निघाला. एक साहेब, एक काका. एक साहेब, एक काका. शेवटची सरळ झाली तेव्हा मला दोघंही दिसेनासे झाले होते.

मग दारातून साहेब बाहेर आले, कानांवर हात, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांच्या मागून, त्यांच्या पाठीला धरून, काका.

आग मोठी नव्हती, झोपायच्या खोल्यांना काही झालेलं नाही, असं अग्निशामकवाले नंतर म्हणाले. धूर मात्र वाईट होता. काकांना नेण्यासाठी रुग्णवाहिका आली. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते मला म्हणाले, "खुर्च्या फार आहेत गं आपल्याकडे."

मला हसू येईना.

"कार्ड लपवायला नको होतं मी. त्यांची भीती वाचवायला गेलो, आणि..." पुढचं खोकल्यात गेलं. सिस्टरनी मास्क परत तोंडावर बसवला. "बोलू नका. छातीत धूर गेलाय. काही दिवस तिथेच राहायचंय तुम्हाला."

दार बंद होताना काका साहेबांकडे बघत होते. साहेब चहाकडे.

उजेड असतानाच आई-बाबा आले. कुणाच्या तरी पालकांकडून कळलं होतं. आई गाडीतून उतरली तेव्हाच तिचा चेहरा पाहिला आणि मघाशी खिडकीपाशी माझा चेहरा कसा झाला असेल, त्याची मला कल्पना आली. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"स्वयंपाकघरात होतीस ना? स्वयंपाकघरातच होतीस ना तू?"

"बॅग कुठे आहे?" बाबा म्हणाले. "भर लवकर. घरी जाऊन काय ते बोलू."

आम्ही व्हरांड्यात होतो. टेबलं बाहेर आणली होती. साहेब चहा पीत बसले होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. टेबलाला अगदी सरळ लावलेली. मघाशी एक स्वयंसेवक त्यावर बसायला गेला, तर साहेबांनी हाताने नको म्हटलं. सिस्टरनी फलकही बाहेर आणला होता. 'आता'वर चहा होता. 'मग' मोकळं. सिस्टर कार्डांची पेटी मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या.

जाणं सोपं होतं. बॅग तर अर्धी भरलेलीच होती.

"आई, बाबा, आधी सगळं सांगते," मी म्हणाले. "मी स्वयंपाकघरात नव्हते. चहा ओतते, पण तेवढंच नाही. त्या गुणगुणताहेत ना, त्या ताईंची मी जोडीदार आहे, पहिल्या दिवसापासून. आज त्यांना घेऊन मी आतून बाहेर आले, आणि मग खिडकीपाशी परत गेले. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नव्हतं."

आई मटकन पायरीवर बसली. "आता नाही का घाबरलो आम्ही?"

"घाबरा. मीपण घाबरलेय. खूप."

बाबांचा आवाज वेगळाच निघाला. "बरं. आणि मग काय?"

साहेबांनी कपातून मान वर केली.

"मग तुम्ही चहा घ्या, आणि दोघं घरी जा. मी शिबिर संपल्यावर येईन," मी म्हणाले. "उद्या सकाळी साहेब उठले की खिसा तपासणार. सिस्टरच्या कपड्यांना खिसा नाहीये, बाबा. माझ्या जॅकेटला आहे."