एकोणिसाव्या मजल्यावरची माती

टॉवरमध्ये फ्लॅट घेताना गौतमने मला समजावलं होतं, "पप्पा, शहर असंच पसरत गेलं तर एकही तलाव उरणार नाही. इथे सगळं उभं, एकावर एक आहे. पाणी, वीज, भाजी आतच. कचरासुद्धा गेटबाहेर जात नाही." आम्ही काचीगुड्याचं भाड्याचं घर सोडलं. माझी बायको रेणुका त्याच्या महिनाभर आधी वारली.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात रक्षा नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. मला जमीन कुठली? बाल्कनीत टॉवरची लांबट कुंडी होती. तिच्यात रक्षा घातली, वर कढीपत्ता लावला. कुंडीत घरचं काही घालायचं नाही असा इथला नियम, म्हणून गौतमला बोललो नाही. ती माझी चूक.

मंगळवारी डोळे तपासायला सिकंदराबादला गेलो. दुपारी परत येऊन बघतो तर कुंडीत नवी माती, नवं रोप.

गौतमला ऑफिसात फोन लावला.

"टॉवरचा मेसेज आला होता," तो म्हणाला. "मातीत क्षार वाढलेत, बदलायची का म्हणून. मी हो दाबलं."

राखेने क्षार वाढणारच.

"त्या मातीत तुझी आई होती," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मला सांगायचं तरी, पप्पा."

काढलेली माती तळघरात नेतात, म्हणून मी तिकडे गेलो. मातीची एकसारखी अठरा पोती रचलेली होती. यादगिरी माळी म्हणाला, "नंबर पौधे को रहता साब, मिट्टी को नै रहता. चार बजे सब मशीन में जाती, फिर सब मंजिलों को."

टॉवरच्या मॅनेजरबाई आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अंकल, अच्छा है ना, आंटी पूरे टॉवर में रहेंगी."

रेणुकाला शेजारणीचा कुकर वाजलेला चालत नसे. ती चाळीस मजल्यांवर कशाला राहील?

"मला अठराही पोती द्या," मी हिंदीत म्हणालो.

"माती बाहेर जात नाही, अंकल. नियम आहे."

"मग माणूस मेला की काय करता? त्यालाही मशीनमध्ये घालता?"

त्या मोबाइलमध्ये बघू लागल्या. मी पोत्यांवर बसलो. तासभर कोणी ना कोणी येऊन मला उठा म्हणत होतं.

पावणेचारला गौतम आला. वाटलं, आता हाही उठा म्हणणार. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं आणि एक पोतं ओढलं. ते त्याला उचलेना. यादगिरीने मॅनेजरबाईंकडे पाहिलं आणि दुसरी बाजू धरली.

"नेणार कुठे?" मी विचारलं.

"आधी गेटबाहेर तर नेऊ."

ते दोघे पोतं घेऊन चढावर गेले. वर वॉचमन शिट्टी मारत होता. मॅनेजरबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, मशीन आत्ताच लावा. मी पाय पसरून उरलेल्या सतरा पोत्यांवर आडवा झालो.