तासाच्या आत

त्याच्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त त्याला सोडून. माघारी सगळे त्याला भिंगरीसाहेबच म्हणत. बत्तीस वर्षांपूर्वी तो याच चिपच्या कारखान्यात भट्टीवर साधा ऑपरेटर म्हणून लागला, एकेक पायरी चढत गेला आणि पाच महिन्यांपूर्वी कारखान्याचा प्रमुख झाला. चौथ्या मजल्यावर काचेची केबिन मिळाली, ऐसपैस खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत तो सलग वीस मिनिटं बसल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

बसणार तरी कसा? गेले तीन महिने माल नापास होत होता. सिलिकॉनच्या पातळ गोल चकत्यांवर चिप तयार होतात. त्या चकत्यांना खरं तर वेफर म्हणतात, पण पाहुण्यांत हा शब्द काढला की सगळे बटाट्याच्याच विचारात पडतात, म्हणून आपण चकत्याच म्हणू. पूर्वी शंभरातल्या नव्वद चिप पास व्हायच्या, आता सत्तरही होत नव्हत्या. आणि चकती पुरी व्हायला दोन महिने लागतात. म्हणजे चूक आज करा, रडा दोन महिन्यांनी.

प्रमुख झाल्या दिवसापासून तो रोज आत भट्टीच्या विभागात जायचा, आता जास्तच जाऊ लागला. पांढरा सूट, तोंडाला मास्क, डोक्यावरच्या टोपीला प्रमुखाची लाल पट्टी. दिवसातून तीनदा, चारदा. भट्टीसमोर उभा राहून एकेकाला धारेवर धरी: तापमान किती, कालचा आकडा किती, आजचा किती होणार?

शेवटी कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला. "शुक्रवारी बारापर्यंत मला कारण हवं आणि जबाबदार माणूस हवा. नाहीतर ती लाइन बंद."

गुरुवारी त्याला दोन्ही सापडलं. अॅसिडमध्ये धुतलेली चकती तासाच्या आत भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर उघड्या हवेत तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि पुढचं सगळं काम वाया जातं. हा नियम ऑपरेटर असताना त्यानंच लिहून घेतला होता. पाच महिन्यांत एकेचाळीस वेळा तो मोडला होता, एकाच पाळीत, दिवसाच्या. उशीर झाला की कारण लिहायचं, असा रकाना असतो. तो एकेचाळीस वेळा कोरा.

त्या पाळीची प्रमुख बाई त्याच्याच हाताखाली तयार झालेली. त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"कारण का नाही लिहिलंस?"

"चुकलं, सर."

"उशीर झालेला माल पुन्हा धुवायचा असतो. तो पुढे का ढकललास?"

"पुन्हा धुतला की दिवसाचा आकडा खाली येतो. तुम्ही रोज आकडा विचारता."

"म्हणजे माझ्यावर खापर फोडतेस?"

ती मान खाली घालून दाराकडे निघाली. तिलाच जबाबदार धरून कामावरून काढावं, असा अहवाल त्यानं तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच टाइप करायला घेतला.

शुक्रवारी सकाळी तो चहाची वाट न बघता स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. किती वाजता निघायचं, दूधवाल्याला काय सांगितलंस, इस्त्रीचे कपडे आले का? बायको उत्तरं देत राहिली आणि दूध उतू गेलं.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?"

"तुमच्याकडे!" ती फडकं घेत म्हणाली. "अहो, तुम्ही ओट्यापाशी उभे राहिलात की माझे हात थांबतात. दुधाकडे बघू की तुम्हाला उत्तरं देऊ?"

"मग सांगायचं ना, बाजूला व्हा म्हणून."

"तीस वर्षं सांगतेय. घरात मी आहे म्हणून निदान सांगते तरी. तिकडे कोणाची छाती आहे?"

तो हसला. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

ऑफिसात पोचताच त्यानं दारावरच्या यंत्रातली यादी मागवली: आपलं कार्ड कोणत्या दिवशी, किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं. ती यादी त्यानं उशिरांच्या यादीशेजारी ठेवली आणि पट्टी धरून ओळी जुळवायला लागला. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस जुळल्या. उरलेल्या दोन वेळी वीज गेली होती.

तो भट्टीसमोर उभा राहायचा. चकत्यांची गाडी त्याच्या मागे येऊन थांबायची. लाल पट्टीवाल्याला सरका म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. घड्याळ मात्र साहेब ओळखत नव्हतं. आणि त्या रकान्यात तिनं लिहायचं तरी काय? साहेब?

साडेअकरा वाजले. तिच्या नावाचा अहवाल तयार होता, बटण दाबायचं बाकी होतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवायला दुसरं कुणी येणार नव्हतं. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. बत्तीस वर्षांत याच कामानं त्याला माणूस केलं होतं. ते हातचं गेलं तर घरी बसून तो करणार काय? त्या बाईनं मात्र "चुकलं, सर" म्हणून सगळं निमूट स्वतःवर घेतलं होतं, हे तो विसरू शकत नव्हता.

अकरा पन्नासला त्यानं अहवालातलं तिचं नाव खोडून स्वतःचं घातलं, दोन्ही याद्या जोडल्या आणि पाठवून दिलं. मग उठला, ते थेट पांढरा सूट चढवून आत गेला. तिला हे तोंडानं सांगायलाच हवं होतं.

ती भट्टीपाशी होती. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, रात्रभर न झोपलेले.

"तुझा दोष नव्हता," तो म्हणाला. "माझा होता. मी इथे उभा राहायचो म्हणून माल अडायचा. तसं वर लिहून पाठवलंय. माझ्यापायी तुझी नोकरी जात होती, आणि मी..."

त्याला खूप बोलायचं होतं. ती ऐकत होती, पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथून भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याच्या पाठीशी गाडी येऊन उभी होती. ऑपरेटर मूग गिळून थांबला होता. छप्पन्न मिनिटं झाली होती.

तिनं एक श्वास घेतला.

"सर, बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. गाडी पुढे गेली, भट्टीचं दार उघडलं, चकत्या आत गेल्या, दार बंद झालं. अठ्ठावन्न मिनिटं. मग त्यानं गळ्यातलं दाराचं कार्ड काढून तिच्या टेबलावर ठेवलं आणि कुणाला काही न विचारता बाहेर गेला.